नियम आला, पण डोके उघडेच राहिले : डच बचावपटू एड किया यांची कारकीर्द

अमेरिकेतील सेंट्रल हॉकी लीगमध्ये ७ मार्च १९८३ रोजी झालेल्या आइस हॉकीच्या एका सामन्यात सॉल्ट लेक गोल्डन ईगल्स संघाचे बचावपटू एड किया यांची तुल्सा ऑयलर्सच्या खेळाडूशी जोरदार धडक झाली. मैदानाच्या कडेच्या तटावर आदळून त्यांची शुद्ध हरपली आणि ते बर्फावर कोसळले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, प्राण वाचले. मात्र वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांचा खेळ तिथेच थांबला.

उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च स्पर्धा असलेल्या नॅशनल हॉकी लीगने, अर्थात एनएचएलने, हेल्मेटसक्तीचा नियम त्यापूर्वी चार वर्षे, १९७९ मध्येच केला होता. त्याच लीगमध्ये जवळपास दशकभर खेळलेला खेळाडू तरीही उघड्या डोक्याने खेळत होता, याचे उत्तर नियमातच दडलेले होते.

किया यांचा जन्म १९ जानेवारी १९४८ रोजी नेदरलँड्समधील वेस्प येथे झाला. ॲम्स्टरडॅमलगतचे हे जुने गाव एकेकाळी व्हॅन हाउटेन कोकोच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो डच कुटुंबांनी कॅनडाची वाट धरली, त्यांत किया कुटुंबही होते. ऑन्टारियो प्रांतात जॉर्जियन उपसागराच्या काठी वसलेल्या कॉलिंगवुड या जहाजबांधणीच्या गावात एड वाढले. डच मुलांचा हिवाळी छंद म्हणजे गोठलेल्या कालव्यांवरील स्केटिंग. या स्थलांतरितांच्या मुलांच्या हाती मात्र कॅनडाने हॉकी स्टिक दिली. नेदरलँड्समध्ये जन्मलेले आणि एनएचएलपर्यंत पोहोचलेले खेळाडू आजही बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. अलीकडच्या पिढीतील डॅनियल स्प्राँग हे त्यांपैकी एक, पण ते आघाडीचे खेळाडू.

आइस हॉकीत प्रत्येक संघाचे साधारणतः सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात : एक गोलरक्षक, तीन आघाडीपटू आणि दोन बचावपटू. हे मैदान सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते आणि त्याच्या चारही बाजूंना उभा, कठीण तट असतो. रबराच्या चकतीवर, म्हणजे ‘पक’वर, ताबा असलेल्या प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन रोखण्याची मुभा या खेळात आहे. आघाडीपटूला गोलजाळीसमोरून हुसकावणे, कोपऱ्यात तटालगत पकसाठी झुंजणे आणि वेगाने येणारा फटका अंगावर घेणे ही बचावपटूची नित्याची कामे. त्यांची नोंद गोलफलकावर होत नाही. म्हणूनच किया यांचे आकडे वरवर पाहता मामुली भासतात : एनएचएलमध्ये ५८३ सामने, ३० गोल. परंतु एखाद्या बचावपटूला पाचशेहून अधिक सामन्यांत उतरवले जाते, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकांनी काय पाहिले असेल याचा अंदाज बांधता येतो.

ही जागा त्यांना सहज मिळाली नव्हती. दुय्यम लीगमध्ये उमेदवारी केल्यानंतर १९७३-७४ च्या हंगामात अटलांटा फ्लेम्सने त्यांना एनएचएलमध्ये संधी दिली. ऑक्टोबर १९७९ मध्ये फ्लेम्सने सेंट लुईस ब्लूजशी अदलाबदल करून गॅरी अंगर यांना आपल्याकडे घेतले आणि मोबदल्यात दिलेल्या खेळाडूंत किया होते. अंगर हे सलग सामने खेळण्याच्या विक्रमामुळे गाजलेले नाव, त्यामुळे या व्यवहारात किया यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. तरीही १९८०-८१ मध्ये ब्लूजने १०७ गुणांसह साखळीत दुसरे स्थान पटकावले, तेव्हा त्या संघाच्या बचावफळीत ते होते. पुढे ब्लूजने त्यांना आपल्या सॉल्ट लेक येथील संलग्न संघाकडे पाठवले आणि तिथेच तो अपघात घडला.

धोका कुणाला ठाऊक नव्हता, असे नाही. जानेवारी १९६८ मध्ये मिनेसोटा नॉर्थ स्टार्सचे बिल मास्टरटन हे हेल्मेटविना खेळताना बर्फावर डोके आपटून पडले आणि दोन दिवसांनी मरण पावले. त्यांच्या नावाने पारितोषिक त्याच वर्षी सुरू झाले. हेल्मेटसक्तीला मात्र आणखी ११ वर्षे लागली. हेल्मेट घालणे भित्रेपणाचे लक्षण मानणारी जुनी मानसिकता त्यामागे होतीच. शेवटी नियम झाला तोही तडजोडीचा. १ जून १९७९ नंतर पहिला करार करणाऱ्यांना हेल्मेट बंधनकारक ठरले. त्यापूर्वी करारबद्ध झालेल्यांना स्वतःच्या जबाबदारीवर उघड्या डोक्याने खेळण्याची सूट मिळाली. किया या जुन्या पिढीतले. या सवलतीचा लाभ घेणारे अखेरचे खेळाडू क्रेग मॅकटॅव्हिश १९९७ मध्ये निवृत्त झाले, तेही सेंट लुईस ब्लूजकडूनच. म्हणजे नियम झाल्यापासून तो सर्वांना लागू होईपर्यंत १८ वर्षे गेली.

या कहाणीचा पुढचा भाग कुटुंबातच घडला. जेफ ब्यूकेबूम आणि जो न्यूएन्डाइक हे किया यांचे भाचे. मामा जायबंदी झाल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, जून १९८३ मध्ये, एडमन्टन ऑयलर्सने ब्यूकेबूम यांची निवड केली. तेही बचावपटू. चार वेळा स्टॅनली कप जिंकलेल्या ब्यूकेबूम यांना नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रतिस्पर्ध्याने मागून डोक्यावर ठोसा मारला. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते. काही महिन्यांनी एका साध्या धडकेनेही मेंदूला पुन्हा धक्का बसला आणि १९९९ च्या उन्हाळ्यात त्यांनी निवृत्ती पत्करली. हेल्मेट कवटीचे रक्षण करते, कवटीच्या आत हेलकावणाऱ्या मेंदूचे पूर्ण रक्षण ते करू शकत नाही. त्यामुळेच पुढे, २०१० मध्ये, एनएचएलला डोक्याला लक्ष्य करून दिलेल्या धडकेवर स्वतंत्र नियम करावा लागला.

न्यूएन्डाइक यांच्यासाठी तोच उन्हाळा वैभवाचा होता. जून १९९९ मध्ये डॅलस स्टार्सने स्टॅनली कप जिंकला आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला. त्यानंतर दोनेक महिन्यांतच, ३१ ऑगस्टला, एड किया यांचा ऑन्टारियोतील कौटुंबिक विश्रामगृहाच्या जलतरण तलावात बुडून मृत्यू झाला. ते ५१ वर्षांचे होते.

चेहऱ्यावरील पारदर्शक कवचाचा, म्हणजे ‘व्हायझर’चा, नियम एनएचएलने २०१३-१४ च्या हंगामापासून लागू केला. तो करतानाही २५ हून अधिक सामने खेळलेल्यांना पुन्हा सूट देण्यात आली.