किशोरवयीन मुलांची न्याहारी आणि घरातील सकाळ

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाचे विवेचन करावे, अशी अपेक्षा आपले विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय नेहमी व्यक्त करतात. त्या अपेक्षेस अनुसरून या वर्षी आम्ही वरकरणी अगदी साधा वाटणारा विषय निवडला आहे. तो म्हणजे आपल्या परिसरातील तेरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींची सकाळची न्याहारी. ज्या विषयासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही आणि महागडे यंत्रही लागत नाही, त्याकडे रुग्णालयाने तरी का लक्ष द्यावे, असा प्रश्न काहींना पडेल. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या परिसराची सकाळ

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे शेजारी असली तरी त्यांची घडण निरनिराळी आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आश्रयास आलेल्या सिंधी बांधवांच्या वसाहतीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ हे प्राचीन शिवमंदिराचे आणि कारखान्यांच्या पाळ्यांचे गाव. बदलापूर हे मुंबईत नोकरी करणाऱ्या कुटुंबांनी गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढवलेले शहर. परंतु सकाळी सहाच्या सुमारास या तिन्ही ठिकाणचे चित्र सारखेच असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर स्थानक ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर अंतरावर आहे. गाडीत जाणारा वेळ, फलाटावर वाट पाहण्याचा वेळ आणि घर ते स्थानक हे अंतर जमेस धरले, तर मुंबईत नोकरी करणाऱ्याचे दिवसाचे तीन ते चार तास प्रवासात जातात.

या प्रवासाचा पहिला घाला जेवणाच्या वेळांवर पडतो. वडील रात्री नऊनंतर घरी येतात, म्हणून सर्वांचे जेवण साडेनऊला होते. अकरावी-बारावीच्या मुलास सकाळी सातचे महाविद्यालय गाठायचे असते, त्यासाठी तो सव्वासहाला घर सोडतो. त्या वेळी भूक लागलेली नसते आणि स्वयंपाकघरात डबे भरण्याची घाई असते. मुलगा अर्धा कप चहा घेऊन निघतो आणि साडेदहाच्या सुट्टीत वडापाव किंवा सामोसा खातो. रात्री साडेनऊ ते सकाळी साडेदहा असा सरळ हिशेब केला तरी हा तेरा तासांचा उपवास होतो. आठवड्यातील पाच-सहा दिवस, वर्षातील अनेक महिने हाच क्रम चालू राहतो.

उपाशी शरीरात काय घडते

रात्रीच्या झोपेत शरीराचे कामकाज थांबत नाही. यकृतात साठवलेल्या साखरेतून रक्तातील साखरेची पातळी राखली जाते आणि सकाळपर्यंत हा साठा बराच कमी झालेला असतो. प्रौढ माणसाच्या विश्रांतीच्या अवस्थेतील एकूण ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. निरोगी शरीर चरबीचा वापर करून वेळ निभावून नेते, त्यामुळे एखाद्या दिवशी न्याहारी चुकल्याने कोणी आजारी पडत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे.

किशोरवयात उंची, स्नायू, हाडे आणि रक्त या सर्वांची वाढ एकाच वेळी होत असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वयाच्या मुलीस दररोज सुमारे २,५०० आणि मुलास ३,३२० किलोकॅलरी ऊर्जा लागते. याच वयात मुलीस ३२ आणि मुलास २६ मिलिग्रॅम लोह, तसेच दोघांनाही १,०५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे अशी शिफारस आहे. दिवसाच्या तीन आहारांपैकी एक कायमचा वजा झाला, तर उरलेल्या दोन आहारांनी ही बेरीज पूर्ण करणे कठीण होते. त्यातही एक आहार वडापावचा असेल, तर पोट भरते, परंतु लोह आणि कॅल्शियम यांची तूट तशीच राहते.

ही तूट कोठे दिसते, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून कळते. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५४.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५९.१ टक्के झाले. याच वयाच्या मुलांमध्ये ते ३१.१ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. लोहाची कमतरता हे त्यांतील प्रमुख कारण असून मासिक पाळीतील रक्तस्राव, जंत आणि इतर जीवनसत्त्वांचा अभाव यांचीही त्यात भर पडते. केवळ न्याहारी न केल्याने रक्तक्षय होतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या शरीरात आधीच शिल्लक कमी आहे, तेथून रोज एक आहार वजा करणे परवडणारे नाही. हीच मुलगी पुढे माता होते. तेव्हा हा तुटवडा तिच्यापुरता राहत नाही, तिच्या बाळाच्या वजनापर्यंत पोहोचतो.

संशोधन काय सांगते

न्याहारीविषयी अतिशयोक्त दावेही पुष्कळ केले जातात, म्हणून येथे थोडी सावधगिरी आवश्यक आहे. जमैकाच्या ग्रामीण प्राथमिक शाळांतील एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. तेथे शाळेत न्याहारी दिल्यावर मुलांची उपस्थिती व पोषण यांत सुधारणा आढळली आणि लहान वर्गांतील मुलांची गणितातील प्रगतीही सुधारली. याउलट, प्रौढांवरील चाचण्यांच्या २०१९ मधील एका आढाव्यात न्याहारी सुरू केल्याने वजन घटते असे दिसून आले नाही. तेव्हा न्याहारी हे वजन कमी करण्याचे औषध नव्हे. त्याचप्रमाणे न्याहारी टाळणे हाही वजन कमी करण्याचा उपाय नव्हे. बारीक होण्याच्या इच्छेने सकाळी उपाशी राहणाऱ्या मुलींना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

फिनलंडमधील सोळा वर्षांची जुळी मुले आणि त्यांचे पालक यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. न्याहारी न करणाऱ्यांत धूम्रपान, व्यायामाचा अभाव यांसारख्या सवयी अधिक प्रमाणात आढळल्या. म्हणजे न्याहारी हे पुष्कळदा संपूर्ण दिनचर्येचे दर्शक असते. आमच्या दृष्टीने या पाहणीतील दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. मुलांच्या न्याहारीशी सर्वांत निकटचा संबंध आढळला तो आईवडिलांच्या स्वतःच्या न्याहारीचा.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात याचा प्रत्यय येतो. थकवा, डोकेदुखी, प्रार्थनेच्या वेळी चक्कर येणे अशा तक्रारी घेऊन माता आपल्या मुलींना आणतात. “सकाळी काय खाल्लेस, बाळ?” असे डॉक्टर विचारतात, तेव्हा “चहा” असे उत्तर येते. लगेच आई म्हणते, “कितीही सांगा डॉक्टर, ही ऐकतच नाही.” त्यावर डॉक्टरांचा पुढचा प्रश्न असतो, “आणि ताई, तुम्ही काय खाल्ले?” या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. पहाटे उठून चार डबे भरणारी, नंतर कारखान्यात जाणारी किंवा घरी जीन्सचे धागे कापायला बसणारी ती माता स्वतः दुपारपर्यंत उपाशी असते. मुलगी तिचे बोलणे ऐकत नसली, तरी तिचे वागणे रोज पाहत असते.

व्यवस्था नेमकी कोठे संपते

आता एका विसंगतीकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांना शालेय पोषण आहार मिळतो. केंद्र शासनाने १९९५ मध्ये सुरू केलेली आणि २०२१ पासून पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणारी ही योजना इयत्ता आठवीपर्यंतच आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या झोपेचा विचार करून शाळांची वेळ सकाळी नऊ किंवा त्यानंतरची ठरवली, ती चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. तामिळनाडूत सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री न्याहारी योजनाही प्राथमिक वर्गांसाठी आहे. शाळेच्या आवारात व सभोवतालच्या ५० मीटर अंतरात अतिरिक्त तेल, साखर व मीठ असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. परंतु रेल्वे स्थानकाबाहेरच्या गाडीस आणि शिकवणी वर्गाच्या जिन्याखालील टपरीस तो बहुधा लागू पडत नाही.

या सर्व योजना स्तुत्य आहेत. तथापि ज्या वयात शरीराची मागणी वाढते, अभ्यासाचा भार वाढतो आणि घरातून निघण्याची वेळ अलीकडे येते, नेमक्या त्याच वयात समाजाची देखरेख थांबते. नववीपासून मुलाची सकाळ पूर्णपणे घरावर सोपवलेली असते. म्हणून उपाययोजनेचा आरंभही घरातूनच व्हावा लागेल.

एक योजना मात्र या वयासाठी आहे, ती म्हणजे शाळांतून आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी. ही गोळी उपाशी पोटी घेतल्यास काहींना मळमळते व पोटात दुखते, म्हणून ती खाल्ल्यानंतर घ्यायची असते. सकाळच्या शाळेत न्याहारीविना आलेली मुलगी गोळी दप्तरात ठेवते आणि तेथेच विसरते. अशा रीतीने शासनाने दिलेले लोहदेखील न्याहारीअभावी वाया जाते.

घरातील शक्य ते उपाय

पहिला उपाय आदल्या रात्रीचा आहे. वडिलांची वाट न पाहता मुलांना आठ-साडेआठला जेवू घातले, तर त्यांना सकाळी भूक लागते. किशोरवयात शरीराचे घड्याळच झोप उशिरा आणणारे असते. त्यात अंथरुणात मोबाईल आला की मध्यरात्र उलटते. या वयास आठ ते दहा तास झोप आवश्यक आहे. अर्धा तास आधी झोपलेल्या मुलालाच सकाळी दहा मिनिटे बसून खाण्यास सवड मिळेल.

दुसरा उपाय पदार्थांच्या निवडीचा. त्यासाठी डब्यातील रंगीत धान्यांची आवश्यकता नाही, आपल्या परिसरातील स्वयंपाकघरे त्या दृष्टीने संपन्न आहेत. नुसत्या पोह्यांत पिष्टमय भाग अधिक असतो. त्यांत शेंगदाणे किंवा मोड आलेली मटकी घातली आणि वर लिंबू पिळले, तर प्रथिने मिळतात आणि लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. भाजणीचे थालीपीठ व दही, मुगाचे धिरडे, आसपासच्या गावांतील तांदळाची भाकरी व उसळ, फोडणीची पोळी व उकडलेले अंडे, नाचणीची दुधातील पेज हे सारे उत्तम. नाचणीत कॅल्शियम विपुल असते. सिंधी घरांतील कांदा घातलेली गव्हाची कोकी दह्यासोबत पौष्टिक असून प्रवासातही टिकते. दाल-पकवानातील हरभऱ्याची डाळ रोज चालेल, मात्र तळलेले पकवान सुट्टीच्या दिवसासाठी राखावे आणि एरवी डाळीसोबत पोळी घ्यावी. घरी बसून खाणे शक्यच नसेल, तर केळे आणि मूठभर शेंगदाणे-फुटाणे किंवा चिक्की सोबत द्यावी.

तिसरा उपाय चहाविषयी. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण कमी होते. म्हणून जेवण वा न्याहारीच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळावा. चहा-बिस्किट किंवा चहा-खारी यांस न्याहारी मानू नये.

चौथा उपाय व्यायामाचा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार या वयात दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनत हवी. स्थानकापर्यंत रिक्षाऐवजी चालत जाणे आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर खेळणे यांतून हे साधते.

आणि शेवटचा, आमच्या मते सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे घरातील मोठ्यांनी स्वतः न्याहारी करणे. डबे भरताना एक पोळी आईने स्वतःच्या ताटात घ्यावी. पहाटेची कामे वडील व मुलगे यांनी वाटून घेतली, तर तिला बसून खाता येईल. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

देणगीदारांस विनंती

वाढदिवस वा पुण्यतिथीनिमित्त शाळांतून बिस्किटे व केक वाटणाऱ्या दानशूर व्यक्तींना आमची नम्र विनंती आहे की, त्याऐवजी चिक्की, फुटाणे, केळी अथवा राजगिऱ्याचे लाडू द्यावेत आणि पाचवीच्या मुलांबरोबर नववी-दहावीच्या मुलांचाही विचार करावा. शाळा-महाविद्यालयांच्या चालकांनी पहिल्या तासानंतर दहा मिनिटांची खाण्याची सुट्टी देण्याचा विचार करावा. पालकांनी सतत थकवा, धाप लागणे, फिकट चेहरा किंवा पाळीत अतिरिक्त रक्तस्राव दिसल्यास केवळ आहारावर विसंबून न राहता मुलीची हिमोग्लोबिन तपासणी करून घ्यावी.

रुग्णालयाच्या ताळेबंदात बरे झालेल्या रुग्णांची नोंद होते, आजारीच न पडलेल्यांची होत नाही. वेळेवर चार घास खाऊन घराबाहेर पडलेल्या मुलामुलींची गणना आम्हांस कधी करता येणार नाही. तरीही त्यांची संख्या वाढावी, हीच आमची इच्छा आहे आणि त्यासाठी आपणा सर्वांच्या सहकार्याची अपेक्षा आहे.