धुरातून सायकल चालवली तर फायदा होतो की तोटा?

सायकलिंगवरची कोणतीही पोस्ट उघडा. वजन कमी होतं, हृदय ठणठणीत राहतं, पेट्रोल वाचतं असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. आणि खाली एक कमेंट हमखास असते, "आमच्या रस्त्यावर येऊन चालवून दाखवा. व्यायाम राहू दे, धूरच पोटात जाईल."

ही कमेंट चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. सायकल चालवताना आपण जोरात श्वास घेतो. बाजूला सिग्नलला थांबलेल्या स्कूटरस्वारापेक्षा कितीतरी जास्त हवा आपल्या फुप्फुसांत जाते, आणि हवेसोबत तिच्यातली घाणही. मग सायकलचा फायदा नेमका उरतो किती?

आधी फायद्याचं बघू. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधली अडीच लाखांहून अधिक माणसं कामावर कशी जातात आणि पुढच्या पाचेक वर्षांत त्यांच्या तब्येतीचं काय झालं, याची नोंद त्यात होती. गाडीने किंवा बस-ट्रेनने जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 41 टक्क्यांनी कमी दिसला. कॅन्सर होण्याचा धोका 45 टक्क्यांनी, तर हृदयविकाराचा 46 टक्क्यांनी कमी होता.

हे आकडे वाचून लगेच सायकल घ्यायला धावू नका. सायकल चालवणारी माणसं मुळात जास्त तंदुरुस्त असू शकतात. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार अशा गोष्टींचा हिशेब धरला होता, तरीही सगळं श्रेय एकट्या सायकलला देता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. घर ते ऑफिस 15 मिनिटांची सायकल असेल, तर जाऊन-येऊन पाच दिवसांत 150 मिनिटं होतात. वेगळी जिम नको, पहाटेचा अलार्म नको. माझ्या मते सायकलचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. व्यायामासाठी वेळ काढावा लागत नाही, तो प्रवासातच उरकतो.

आता धुराकडे येऊ.

हवेतला सगळ्यात त्रासदायक घटक म्हणजे पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस यापेक्षा पंचवीस-तीस पट जाड असतो. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. एक घनमीटर हवेत ते किती मायक्रोग्रॅम आहेत, यावरून हवा किती खराब ते ठरतं. भारताच्या मानकानुसार वर्षाची सरासरी 40 पेक्षा जास्त असू नये. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर फक्त 5 आहे.

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने 2016 मध्ये नेमका कमेंटमधलाच प्रश्न घेतला. व्यायामाचा फायदा एका पारड्यात, प्रदूषणाचा तोटा दुसऱ्या पारड्यात. सायकल चालवण्याची वेळ वाढवत नेली तर कोणत्या क्षणी तोट्याचं पारडं जड होतं, याचं त्यांनी गणित मांडलं.

पीएम 2.5 ची पातळी 22 च्या आसपास असेल, तर रोजच्या सायकलिंगचा फायदा तोट्यापेक्षा खूपच जास्त निघाला. पातळी 100 असेल, तर दिवसाला दीड तासापेक्षा जास्त सायकल चालवली की तोटा वरचढ होतो. आणि दिल्ली? तिथली पातळी त्यांनी 153 धरली होती. तिथेसुद्धा आठवड्याला पाच तासांहून जास्त सायकल चालवल्यावरच गणित उलटं फिरतं.

पुण्या-मुंबईची वार्षिक सरासरी 100 च्या बरीच खाली असते. म्हणजे अर्ध्या तासाच्या प्रवासासाठी उत्तर सरळ आहे, सायकल फायद्याचीच. फक्त हे गणित वर्षानुवर्षांच्या सरासरीचं आहे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला हिवाळ्यातल्या एखाद्या खराब दिवशी ते लागू पडणार नाही. त्याने डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणखी एक गंमत. रिक्षात बसलं म्हणजे धुरातून सुटका होते असं नाही. दिल्लीत रिक्षांमध्ये मोजमाप केलं गेलं तेव्हा आतल्या हवेत पीएम 2.5 शहराच्या सरासरी हवेपेक्षा सुमारे दीडपट निघाले. धूर सगळ्यांनाच मिळतो, त्याच्यासोबत व्यायाम मात्र सायकलवाल्यालाच.

तो धूर कमी करता येतो का? बऱ्यापैकी. हमरस्ता सोडून आतल्या गल्लीचा रस्ता धरा, दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील. सिग्नलला बस-ट्रकच्या मागे उभं राहू नका. हिवाळ्यात अगदी पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूरही तिच्यातच अडकतो, त्यामुळे ऊन वर आल्यावर निघालेलं बरं. तोंडाला बांधलेल्या रुमालाने मात्र धूळ अडते, पीएम 2.5 फारसे नाही.

पर्यावरणाचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ऑफिस पाच किलोमीटरवर असेल, तर वर्षाच्या 250 दिवसांत 2500 किलोमीटर होतात. स्कूटर लिटरला 45 किलोमीटर देत असेल, तर साधारण 55 लिटर पेट्रोल, म्हणजे 125 किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. पेट्रोल 100 रुपये धरलं तरी साडेपाच हजार रुपये. कारचा हिशेब याच्या दुप्पट-तिप्पट. पण हे तेव्हाच, जेव्हा सायकल गाडीची जागा घेते. रविवारी कारच्या मागे सायकल बांधून लोणावळ्याला जायचं आणि तिथे चालवायची, याने मन प्रसन्न होईल, हवा नाही.

वरच्या दीड तासाच्या मर्यादेवर मात्र थोडं थांबायला हवं. हौसेने सायकल चालवणारा ती सहसा ओलांडत नाही. मग कोण ओलांडतं? 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने कामावर जात होते. वॉचमन, बांधकाम मजूर, कारखान्यातले कामगार. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, तेही ट्रकच्या रस्त्यावरून. हवा खराब आहे म्हणून आज कॅब करू, हा पर्याय त्यांच्याकडे नाही. ज्यांच्यामुळे सगळ्यात कमी धूर होतो, तेच तो सगळ्यात जास्त ओढतात.

त्यांना गाड्यांपासून लांब, वेगळा रस्ता मिळाला तर धूरही कमी आणि अपघाताची भीतीही कमी. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने 2017 मध्ये 800 किलोमीटरहून अधिक सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. त्याच डिसेंबरमध्ये विद्यापीठात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकलीही आल्या. त्या काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. जे मार्ग बांधले गेले, त्यातले कित्येक मध्येच तुटतात, आणि उरलेल्यांवर दुचाकी आणि टपऱ्या उभ्या आहेत.