आधी धूर बघा

निफाडची थंडी अंगात शिरणारी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी हिवाळ्यात पेपरात येते, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, आणि त्याच पहाटे बाजार समितीला निघालेली एखादी जुनी डिझेल जीप अंगणातच अडून बसते. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, गाडी काही हुंकार देत नाही. दुपारी मात्र तीच गाडी अर्ध्या सेल्फवर सुरू होते. मग मालक म्हणतो, "थंडीत असं व्हायचंच." मला हे मुळीच पटत नाही. पाच अंश ही डिझेल इंजिनाच्या दृष्टीने फार थंडी नव्हे. तेवढ्या गारठ्यात इंजिन सुरू होत नसेल, तर दोष गाडीत आधीपासून आहे. थंडीने तो फक्त उघडा पाडला.

हे असं का, ते समजायला इंजिनाच्या मुळाशी जावं लागतं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली ऑग्सबर्गला यशस्वीपणे चाललं, तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. इथे ठिणगी नसते. पिस्टन हवा विसाव्या हिश्श्याइतकी दाबतो, दाबाने ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेट घेतो. पण हे सगळं झपाट्याने व्हायला हवं. इंजिन रेंगाळत फिरलं, तर हवेची उष्णता सिलिंडरच्या गार भिंती शोषून घेतात, थोडी हवा रिंगांमधून निसटते, आणि डिझेल आलं तरी पेटत नाही.

आपल्याकडच्या एमएम ५४० जीपमध्ये प्यूजोच्या परवान्याने बनलेलं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० इंजिन असे. त्यात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. हेडमधल्या एका लहानशा कप्प्यात पडतं. अशा कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खातात, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. ट्रॅक्टरच्या इंजिनात डिझेल बहुधा थेट पिस्टनवर पडतं, तिथे हीटर प्लग सहसा नसतोच. आपलं इंजिन कोणत्या जातीचं, हे आधी माहीत करून घ्यावं.

आता तपासणी. कोणताही पाना हातात घेण्याआधी एकाला सेल्फ मारायला बसवा आणि स्वतः सायलेन्सरपाशी उभे राहा. सेल्फ फिरत असताना पांढरट, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, पेटत मात्र नाही. म्हणजे उष्णता कमी पडतेय: सेल्फचा वेग, हीटर प्लग किंवा कंप्रेशन. धूरच नसेल तर डिझेलच पोहोचत नाही: हवा धरली असेल, फिल्टर चोंदला असेल किंवा पंप बंद करणारी केबल अथवा सोलेनॉइड अडकला असेल. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मं काम हलकं होतं. तरीही कितीतरी ठिकाणी पहिल्याच दिवशी पंप आणि नोझल उतरवले जातात. पैसे खर्च होतात, दोष जिथल्या तिथे.

धूर असेल तर आधी बॅटरी बघा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी चांगली ठरत नाही. सेल्फ फिरताना मीटर साडेनऊच्या खाली जाता कामा नये. त्यातच गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. बॅटरी ठीक असून सेल्फ रडत असेल, तर इंजिनापासून चासीला येणारी अर्थिंगची पट्टी खोलून घासा. जुन्या गाडीत तिच्याखाली गंज हमखास सापडतो.

हीटर प्लगची तपासणी बहुतेक जण चुकीची करतात. चारही प्लग वरून एका धातूच्या पट्टीने जोडलेले असतात. त्या पट्टीला टेस्टिंग बल्ब लावला आणि तो पेटला, की "प्लग ओके" म्हणून मोकळे. पण चारांपैकी एक जरी शाबूत असला तरी बल्ब पेटणारच! म्हणून पट्टी पूर्ण काढा. बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला लावा. ज्या प्लगवर बल्ब पेटत नाही, त्याची आतली कॉइल तुटलेली. तो काढताना घाई नको. आधी इंजिन गरम करा, चुडीत तेल मुरू द्या, नाहीतर प्लग हेडमध्येच तुटतो. प्लग बाहेर आला की त्याचं भोक बघा. त्यात काजळी दगडासारखी जमलेली असेल तर ती साफ केल्याशिवाय नवा प्लग बसवू नका. आणि सगळे प्लग चांगले निघाले, तर पट्टीपर्यंत वीज पोहोचते का ते बघा. रिले किंवा त्याच्या तारेचं टोक जळलेलं असू शकतं.

धूर नसणाऱ्या गाडीत बहुधा हवा धरलेली असते. हँडपंप मारल्यावर गाडी लगेच सुरू होते, किंवा उतारावर नाक खाली करून उभी केली तर सकाळी त्रास देत नाही, या दोन्ही खुणा पक्क्या. रात्रभरात कुठल्यातरी सांध्यातून हवा आत शिरते आणि पाइपातलं डिझेल टाकीकडे परततं. असा सांधा बाहेरून कोरडा दिसतो, कारण तो डिझेल गळत नाही, हवा ओढतो. फिल्टर आणि पंपाच्या मधल्या पाइपाच्या जागी हातभर पारदर्शक नळी लावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बघा. नळीत डिझेलच्या वर रिकामी जागा दिसली किंवा सेल्फ मारताना बुडबुड्यांची माळ धावली, की संशय संपला. मग एकेक जोड मागे टाकीच्या दिशेने तपासत जायचं: फिल्टरचा रबरी वायसर, बोल्टाखालचे तांब्याचे वायसर, तडकलेली रबरी नळी. हा खर्च किरकोळ असतो.

डिझेल गोठतं हा समज आपल्याकडे तरी सोडून द्यावा. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, कारण तिथे त्याची गरज आहे; नाशिक जिल्ह्यात नाही.

हे सगळं ठीक निघालं, तरच कंप्रेशनकडे वळायचं. आधी टॅपेट मोजा. व्हॉल्व्ह घासून सीटमध्ये खोल बसत गेले की टॅपेटची फट नाहीशी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. निव्वळ फट जुळवून गाडी सुरू झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. त्यानंतर डिझेलचा कंप्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजा. चांगल्या इंजिनात पंचवीस ते तीस बार मिळतात. चारांत मोठी तफावत असेल, तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट यांचं काम निघालं. पंपाचं टायमिंग आणि नोझलचा फवारा यांचा विचार यानंतर, आणि तोही टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे मारू नका. लालबुंद प्लगवर तो अवेळी भडकतो; रिंगा तुटतात, पिस्टनला चिरा जातात. एअर क्लीनरपाशी पेटती चिंधी धरणंही तितकंच घातक.

गाडी मेस्त्रीकडे चालवत नेली तर इंजिन वाटेतच गरम होतं आणि दोष लपतो. म्हणून ती आदल्या संध्याकाळी गॅरेजवर ठेवा, बोनेटवर काही झाकू नका, आणि मेस्त्रीला सांगून ठेवा की पहाटेचा पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारायचा.