लाल फूल कोणासाठी?

घरी बाग करायची म्हटले की बहुतेकांची पहिली निवड असते ती लाल जास्वंदीची. गणपतीला रोज एक फूल हवेच! मुरबे गावातल्या आमच्या घराच्या दारातही ती आहे. सासूबाईंनी माहेराहून आणलेल्या फांदीची. या जास्वंदीला आपल्याकडे सहसा फळ धरत नाही, म्हणून ती फांदीनेच एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाते. झाड गेले तर माहेरची ती खूणही गेली.

काही वर्षांपूर्वी तिच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. पाने आकसली, कळ्या गळू लागल्या. हा पिठ्या ढेकूण. मी घाबरून दुकानातले जहाल औषध आणले आणि झाड निथळेपर्यंत फवारले. ढेकूण हटला. पण आठवड्याने सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो शिंजीर हल्ली दिसत नाही गं?"

औषधामुळेच तो आला नाही, असे मी खात्रीने म्हणणार नाही. पण काही औषधे झाडाच्या रसात मुरतात आणि फुलातल्या मधातही उतरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मंडळी, फुलाचा लाल रंग मुख्यतः पक्ष्यांसाठी असतो. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना तो दुरूनही ठळक दिसतो. म्हणूनच जास्वंदीला सुगंध नाही, मध मात्र भरपूर. पळस, पांगारा, सावर यांच्या लाल-केशरी फुलांवर पाखरे जमतात, तीही यामुळेच. आमचा शिंजीर तसा लबाड. पुष्कळदा तो फुलाच्या बुडाला भोक पाडून मध पिऊन जातो!

आता मी जहाल औषध आणत नाही. फार किडलेले शेंडे कापून जाळते. उरलेल्या पुंजक्यांवर लिटरभर पाण्यात चमचाभर पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारते, पानांच्या खालूनही. सकाळी गोड्या पाण्याने झाड धुते. खाऱ्या वाऱ्याने पानांवर बसलेले मीठही त्यात निघून जाते. आठवड्याने पुन्हा तेच. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की सावध व्हावे. ढेकणाच्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

नवे रोप घेताना एकेरी, पाच पाकळ्यांची जास्वंद घ्यावी. गेंदेदार फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि त्या गर्दीत मधापर्यंत पोचणे पाखराला अवघड जाते. लाल कण्हेर समुद्रकाठी छान तग धरते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. लहान मुले नि गुरे असतील तिथे ती नकोच.

पुढच्या पावसाळ्यात शिंजीर परत आला. मी मात्र धडा घेतला. त्याच पावसात जास्वंदीच्या दोन फांद्या शेजारच्या दोन घरी लावून दिल्या. आता आमचे झाड गेलेच, तरी सासूबाईंचे माहेर गावात राहील.