नवे हेडफोन आणि जुने कान

नवा जोडा पहिल्या दिवशीं पायास चावतो, नवा चष्मा लावला कीं जिन्याच्या पायऱ्या वर-खालीं भासूं लागतात, आणि नव्या शाळेंत गेलेल्या मुलास पहिला आठवडा जुनी शाळाच बरी वाटते. पुढें थोड्याच दिवसांत तो जोडा, तो चष्मा व ती शाळा अंगवळणीं पडतात. अशा वेळीं बदललें कोण, ती वस्तु कीं आपण? हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. गेल्या वर्षीं नव्या हेडफोनच्या निमित्तानें आम्हांस तो विचारावा लागला. त्याचें जें उत्तर मिळालें, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

आम्ही पुण्यास कर्वेनगरांत राहतों. इ. स. १९०० मध्यें महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांनीं आपला अनाथ बालिकाश्रम हिंगणें येथें नेला, तेव्हां तें गांव शहरापासून दूर व निवांत होतें. पुढें त्यांचेंच नांव ह्या वस्तीस मिळालें. आज मात्र येथें रिक्षा, दुचाक्या, बांधकामाची ठोकाठोक व शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ह्यांस खंड नाहीं. खरी शांतता मिळते ती पहाटेस. हें मुद्दाम सांगण्याचें कारण पुढें येईल.

आमच्या घरीं गाण्याची आवड जुनी आहे. मोबाइलबरोबर मिळालेल्या कानांतल्या लहान इअरफोनवर आम्ही कित्येक वर्षें गाणें ऐकत आलों. अखेर थोडे थोडे पैसे बाजूस टाकून, खास संगीताच्या शौकिनांसाठीं बनविलेले मोठे हेडफोन आम्हीं घेतले. घरांतील मंडळींनीं किंमत विचारली, तेव्हां आम्हीं विषय बदलला, हेंही येथें कबूल केलेलें बरें.

प्रथम हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. हेडफोन म्हणजे कानाजवळ बसविलेला लहानसा लाऊडस्पीकरच होय. त्यांत एक अत्यंत पातळ पडदा असतो. पडद्यास तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें व त्याच्या सभोंवतीं लोहचुंबक असतो. गाण्याचा विद्युत्प्रवाह वेटोळ्यांतून वाहूं लागला कीं तें चुंबकाच्या प्रभावानें पुढें-मागें हलतें, त्याबरोबर पडदा हलतो, आणि हवेच्या लहरी कानांत शिरतात. निरोगी तरुण कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंतचीं कंपनें ऐकूं येतात.

अमेरिकेंत नथानिएल बाल्डविन नांवाच्या गृहस्थानें आपल्या स्वयंपाकघरांत बनविलेले हेडफोन १९१० साली तेथील आरमारास पसंत पडले. ते संदेश ऐकण्यासाठीं होते. संगीताकरितां दोन्हीं कानांस निरनिराळा ध्वनि देणारे हेडफोन जॉन कॉस ह्यांनीं १९५८ साली पुढें आणले; आणि १९६८ साली जर्मनींतील सेनहायझर कंपनीनें पाठ उघडी असलेला हेडफोन बाजारांत आणला. पाठ बंद असेल तर पडद्यामागील ध्वनि आंतल्या आंत कोंडतो; उघडी असेल तर तो मोकळेपणानें बाहेर जातो, म्हणून गाणें अधिक मोकळें वाटतें. परंतु ज्या वाटेनें गाणें बाहेर जातें, त्याच वाटेनें रस्ता आंत येतो! आमचे हेडफोन ह्याच जातीचे.

पहिल्या संध्याकाळीं आम्हीं मोठ्या उत्सुकतेनें ते डोक्यावर चढविले व पंडित भीमसेन जोशी ह्यांच्या गायनाचें एक ध्वनिमुद्रण लावलें. ज्या पंडितजींनीं १९५३ साली ह्याच पुण्यांत आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, त्यांचा आवाज आमच्या कानांस परका नव्हता. तरीही त्या संध्याकाळीं तो दूर कोठें तरी, बारीक होऊन गेल्यासारखा वाटला. तबल्याचा डग्गा पोकळ वाटला. शिवाय रस्त्यावरील रिक्षा थेट मैफलींत येऊन बसली. डोक्यावर पट्टी दाबूं लागली तो त्रास निराळाच. आपण फसलों, असें वाटून आम्हीं खोकें नीट जपून ठेवलें. कारण वस्तु परत करण्याचा विचार मनांत पक्का होत चालला होता.

ह्या निराशेचीं कारणें पुढें शोधतां सांपडलीं. पहिलें कारण अगदीं साधें होतें. ह्या हेडफोनचा विद्युत्‌रोध मोठा, म्हणजे ३०० ओहम आहे. मोबाइलमधून त्यास पुरेसें बळ मिळत नव्हतें, व आवाजाची खूण तीच ठेवूनही तो जुन्या इअरफोनपेक्षां हळू वाजत होता. आणि आवाज हळू झाला कीं खर्जाचे स्वर कानास इतर स्वरांपेक्षां अधिक वेगानें कमी होत जातात. हें फ्लेचर व मन्सन ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १९३३ साली मोजून दाखविलें आहे. तेव्हां डग्गा पोकळ वाटला त्यांत अर्धा दोष आमच्या तुलनेचाच होता. दोन वस्तूंची पारख करावयाची, तर प्रथम दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा. नाहीं तर जी मोठ्यानें वाजते तीच चांगली, असा खोटा निकाल कान देतो. आम्हीं लहानसा अँप्लिफायर जोडून दोन्हींचा आवाज सारखा केला.

दुसरें कारण सवयीचें. जुन्या इअरफोनमध्यें खर्ज मुद्दाम फुगविलेला होता व आम्ही त्यासच खरा डग्गा समजत होतों. चार चमचे साखरेचा चहा पिणाऱ्यास दोन चमच्यांचा चहा बेचव लागतो. पण महिनाभर तोच चहा घ्यावा, म्हणजे त्यास चहाची पत्ती कोणती हेंही कळूं लागतें. आमचेंही तसेंच झालें.

पांचव्या कीं सहाव्या दिवशीं पहाटे, रस्ता निजलेला असतां, आम्ही तेंच ध्वनिमुद्रण पुन्हां ऐकत होतों. गाणें सुरू होण्यापूर्वींच आमचें लक्ष तंबोऱ्याकडे गेलें. आजवर तो आम्हांस मागें चाललेल्या एखाद्या गुंजनासारखा वाटे. त्या पहाटे चारही तारा वेगळ्या ऐकूं आल्या, आणि प्रत्येक तारेंतून निघणाऱ्या वरच्या सूक्ष्म स्वरांची माळही उलगडली. तंबोऱ्याच्या रुंद घोडीचा माथा किंचित् वांकदार असतो. तीवर तार व घोडी ह्यांच्यामध्यें एक बारीक दोरा सरकवितात, म्हणजे तार घोडीस हलकेच स्पर्श करीत कंप पावते व तो झणत्कार उत्पन्न होतो. हिलाच आपण जवारी म्हणतों. सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं १९२१ साली ह्या घोडीच्या गुणाची शास्त्रीय मीमांसा केली. आणि ही जवारी साधणारे कारागीर आपल्या मिरजेचे. तेथील सतार व तंबोरा ह्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालें. इतकी विद्या त्या मुद्रणांत इतकीं वर्षें होती. आम्हीं ती ऐकली नव्हती, एवढेंच. त्या दिवशीं आम्हीं खोकें माळ्यावर टाकलें.

आतां मूळ प्रश्न. हेडफोन बदलले कीं आम्ही? कित्येक शौकीन म्हणतात कीं नवें यंत्र शेंकडों तास वाजविल्यावर त्याचा पडदा मोकळा होतो व गाणें सुधारतें. यंत्रांत बदल मुळींच होत नाहीं असें नाहीं. कानाभोंवतालच्या मऊ गाद्या दबल्या म्हणजे पडदा कानाच्या जरा जवळ येतो व ध्वनींत थोडा फरक पडतो, पट्टीही सैलावते. पण एवढ्यानें आमच्या अनुभवाचा उलगडा होईना. तेव्हां आम्हीं एक सोपा प्रयोग केला. तीन आठवडे खणांत पडून राहिलेला जुना इअरफोन काढून आवाज सारखा करून कानांत घातला. काय आश्चर्य! जो डग्गा आम्हांस पूर्वीं भरदार वाटे, तो आतां मडक्यांत बोलल्यासारखा घुमूं लागला, व तंबोरा त्याच्याखालीं दडपून गेला. खणांत पडलेली वस्तु तर बदललेली नव्हती. म्हणजे बदलले होते ते आमचे कान. अधिक नेमकें बोलावयाचें तर कानांमागील मेंदू.

ह्यास शास्त्राचाही आधार आहे. १९९८ साली नेदरलंड्समधील शास्त्रज्ञांनीं कांहीं माणसांच्या कानांच्या पाळींत लहान सांचे बसवून त्यांचा आकार बदलला. ध्वनि वरून येतो कीं खालून, हें आपणांस पाळीच्या आकारावरून समजत असल्यामुळें, तीं माणसें आरंभीं अगदीं गोंधळलीं. परंतु सहा आठवड्यांच्या आंत त्यांस नव्या कानांनीं दिशा ओळखतां येऊं लागली. आणि सांचे काढल्यावर जुनी ओळखही तशीच शाबूत असल्याचें दिसून आलें. नवी भाषा शिकल्यानें मातृभाषा विसरत नाहीं, तसेंच हें झालें.

येथवरची कथा आनंदाची. पण ह्याच सवयीची दुसरी बाजू आम्हांस आमच्या चिरंजीवांनीं दाखविली. ते इयत्ता नववींत आहेत. एका संध्याकाळीं आमचे हेडफोन घेऊन ते बसले असतां, मातोश्रींनीं शेजारून तीनदां हांक मारली तरी ओ मिळेना. वास्तविक उघड्या पाठीमुळें ती ऐकूं यावयास हवी होती. आम्हीं हेडफोन स्वतःच्या कानास लावून पाहिले आणि दचकून काढले. “अरे, एवढा मोठा आवाज?” असें विचारतां उत्तर मिळालें, “बाबा, आधीं हळूच होता. रस्त्याचा आवाज आला म्हणून थोडा वाढविला, मग आणखी थोडा.” रात्रीं निजतांना मात्र कानांत बारीक शिटी वाजते, असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें.

जो कान तंबोऱ्याची जवारी शिकतो, तोच कान गोंगाटही अंगवळणीं पाडून घेतो. आपल्या प्रत्येक कानांत जन्मतः सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. मोठ्या आवाजानें त्या थकतात. शिटी वाजणें ही त्या थकव्याची खूण. वारंवार तसें झालें तर त्या मरतात, आणि मनुष्याच्या कानांत मेलेली केशपेशी पुन्हां उगवत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें प्रौढांनीं ८० डेसिबेल व मुलांनीं ७५ डेसिबेल एवढा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंतच ऐकावा. पुढें दर ३ डेसिबेलांस ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबेलांवर प्रौढांसही आठवड्यांत चारच तास.

आम्हीं चिरंजीवांस उपदेश केला नाहीं. मोबाइलवर हळूहळू उंच होत जाणारा एक स्वर लावला. तो आमच्या कानीं येईनासा झाल्यानंतरही ते बराच वेळ “अजून येतोय,” म्हणत राहिले. त्यांतील कांहीं भाग वयाचा. पण तरुणपणीं विसर्जनाच्या मिरवणुकींत कर्ण्याला लागून उभे राहिल्याच्या रात्री आम्हांस आठवल्या. वयानें किती नेलें व त्या रात्रींनीं किती, ह्याचा हिशेब आतां लागावयाचा नाहीं. चिरंजीवांनीं ओळखलें असावें. त्यांनीं मुकाट्यानें आवाज कमी केला.

तेव्हांपासून आमच्या घरीं तीन नियम आहेत. आवाजाची खूण निम्म्याच्या फारशी पुढें न्यावयाची नाहीं. शेजारीं बसलेल्याचें बोलणें ऐकूं आलें पाहिजे. आणि रस्ता गाजूं लागला तर आवाज वाढविण्याऐवजीं हेडफोन काढून ठेवावयाचे. पहाटे मात्र ते कधीं आमच्या, कधीं चिरंजीवांच्या डोक्यावर असतात.

नवी वस्तु घेणाऱ्या वाचकांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं पहिल्या संध्याकाळीं निकाल देऊं नये. कानांस तीन आठवड्यांची मुदत द्यावी. हेडफोन बिघडले तर दुसरे मिळतील, पण कानांचा जोड जन्मास एकच मिळतो.