आउटबोर्ड मशिनचा पंप मागवताना आधी शाफ्ट पाहा

रायगड-रत्नागिरीच्या बंदरांत फायबरच्या छोट्या होड्यांना आउटबोर्ड मशिने लावलेली असतात. होडीवाले, मिस्त्री आणि सुट्या भागांचे दुकानदार यांची एक तक्रार नेहमीची आहे : पाण्याच्या पंपाचे सामान मागवले, आले, पण बसले नाही. ते परत पाठवून दुसरे येईपर्यंत होडी किनाऱ्यावर. भर मोसमात असे चार दिवस गेले तर नुकसान पंपाच्या किमतीपेक्षा जास्त होते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. पन्हा न सांगता कापड मागवले तर काय होते हे आम्हाला ठाऊक आहे. येथेही तेच घडते. ऑर्डर देणारा फक्त कंपनी आणि हॉर्सपॉवर सांगतो. पण त्याच नावाच्या व ताकदीच्या मशिनमध्ये कंपनीने वर्षागणिक बदल केलेले असू शकतात.

मशिनपासून खालच्या गिअर-पेटीपर्यंत जो उभा दांडा जातो तो ड्राइव्ह शाफ्ट. पंपाचा रबरी इंपेलर याच दांड्यावर बसतो आणि पाणी वर चढवून मशिन थंड ठेवतो. म्हणून इंपेलर शाफ्टला जुळला पाहिजे.

पाहण्याच्या गोष्टी अशा :

१) जाडी. इंपेलर बसतो त्या जागी व्हर्निअरने मोजावी.

२) पकड. कोठे अर्धचंद्राकृती चावी असते, कोठे पिन, तर कोठे दांड्याची एक बाजू सपाट केलेली असते. एकीचा इंपेलर दुसरीला चालत नाही.

३) लांबी. साधारणपणे १५, २० व २५ इंची मशिने मिळतात. इंपेलरला याने सहसा फरक पडत नाही. पण शाफ्ट किंवा पाण्याची नळी मागवताना लांबी सांगावीच लागते.

४) वरचे दाते, म्हणजे स्प्लाइन. शाफ्टच बदलायचा असेल तर ते मोजून कळवावेत.

५) झीज. चावीची खाच रुंद झाली असेल तर नवा इंपेलरही टिकणार नाही.

मॉडेल नंबर व सीरियल नंबर बहुधा होडीला मशिन अडकवण्याच्या ब्रॅकेटवरील पट्टीवर असतो. तो पूर्ण उतरवून घ्यावा. जॉन्सन-एव्हिनरूडच्या १९८० नंतरच्या मशिनमध्ये वर्ष अक्षरांत लपलेले असते. इंग्रजी 'इंट्रोड्यूसेस' शब्दातील आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस ही अक्षरे अनुक्रमे १ ते ९ आणि ० दर्शवतात. म्हणजे 'सीयू' असेल तर ८७ साल. या मशिनची मूळ कंपनी २००० साली दिवाळ्यात निघाली आणि एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. तेव्हा इतर कारखान्यांचे सामान घेताना ही खबरदारी अधिकच हवी.

सुटा इंपेलर घेण्यापेक्षा चावी, खालची प्लेट व गॅस्केटसह संच घ्यावा. जुन्या इंपेलरची पाती तुटलेली असतील तर तुकडे पाण्याच्या वाटेत अडकलेले असतात. ते काढल्याशिवाय नवा बसवू नये. बसवल्यावर मशिन कोरडे चालवू नये, कारण पाण्याविना रबर काही क्षणांत जळते. पाण्यात सुरू करून बाजूची बारीक धार नीट येते का, ते पाहावे.

दुकानदार बांधवांनी गिऱ्हाइकाला जुना इंपेलर व चावी सोबत आणायला सांगावे. नमुना समोर असला की वाद उरत नाही.