स्टीअरिंगचा दांडा लांबवताना: प्रश्न लांबीचा की कोनाचा?

'आधीचं काम पुढे वाढवायचं' हे वाक्य तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असंख्य वेळा ऐकणार आहात. पण वाढवताना नेमकं काय बदलतं आणि काय जसंच्या तसं राहायला हवं? हे समजायला आज एक अगदी लोखंडी उदाहरण घेऊ: किट कारचं स्टीअरिंग.

किट कार म्हणजे सुटे भाग आणून घरच्या गॅरेजात जोडलेली गाडी. हा छंद ब्रिटनमध्ये चांगलाच रुजला. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन किट म्हणून मिळायची, कारण तयार गाडीवरचा परचेस टॅक्स त्यामुळे वाचायचा. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग काढून वापरायचे असतात.

आता अडचण बघा. स्टीअरिंग कॉलम एका गाडीचा, चासी वेगळीच. चालक मागे आणि खाली बसतो, इंजिनही मागे सरकतं. कॉलम रॅकपर्यंत पोचत नाही आणि मधे एक्झॉस्ट आडवा येतो. मग कॉलम आणि रॅक यांच्यामध्ये एक जादा दांडा घालायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट लावायचे. आपल्या गॅरेजात ज्याला 'क्रॉस' म्हणतात, तोच हा सांधा.

पहिली शंका येते ती लांबीची: दांडा लांब केला तर पिळला जाणार नाही का? गणित करून बघू. १९ मिमी व्यासाचा भरीव पोलादी दांडा, लांबी ३०० मिमी, टॉर्क १० न्यूटन-मीटर. पीळ येतो साधारण ०.१७ अंश. लांबी दुप्पट केली की ०.३४ अंश. हाताला कळणारही नाही.

खरी गोम सांध्यात आहे. दोन दांडे एकमेकांशी कोन करत असतील, तर एकट्या क्रॉसमधून फिरणं समान वेगाने पुढे जात नाही. आत येणारा दांडा एकसारखा फिरत असला, तरी बाहेरचा दांडा कधी पुढे जातो, कधी मागे रेंगाळतो. एका फेरीत दोनदा. वेगाचं कमीत कमी गुणोत्तर त्या कोनाच्या कोसाइनइतकं असतं आणि जास्तीत जास्त एक भागिले कोसाइन. कोन ३० अंश असेल, तर वेग ०.८७ पट ते १.१५ पट असा हेलकावतो. दोन्ही दांड्यांच्या स्थितीतला फरक ४.१ अंशांपर्यंत जातो.

दुसरा क्रॉस हा फरक पुसून टाकू शकतो. तिन्ही दांडे एकाच प्रतलात असतील, तर त्याला दोन अटी आहेत: दोन्ही सांध्यांचे कोन समान हवेत आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. याला फेजिंग म्हणतात. योक एकमेकांना ९० अंशांत बसले, तर चुका वजा होण्याऐवजी जमा होतात आणि फरक ८.२ अंशांवर जातो. ३६ दातांच्या स्प्लाईनवर योक फक्त एक दात, म्हणजे १० अंश, चुकीचा बसला तरी सुमारे १.४ अंशांचा फरक उरतो. लांबी दुप्पट केल्यावर आलेल्या पिळाच्या हा चौपट आहे!

कोन असमान असले, समजा एक ३० आणि एक २०, तर फेजिंग बरोबर असूनही २.३ अंश शिल्लक राहतात. आणि तीन दांडे एका प्रतलात नसतील (किट कारमध्ये बहुधा नसतातच), तर योक एका रेषेत ठेवून चालत नाही. दोन सांध्यांच्या प्रतलांमध्ये जितका कोन, तितकेच योकही योग्य दिशेने एकमेकांपासून फिरवावे लागतात. अडथळा चुकवायला तिसरा क्रॉस घातला, तर मधल्या दांड्याला आधाराचं बेअरिंग हवंच. नाहीतर तो दांडा जागेवर न राहता हलत राहतो.

हे मोजता येतं का? सहज. दोन्ही टोकांना कोनमापक लावा, चाक दर १५ अंशांनी फिरवा आणि दोन्हींतल्या फरकाचा आलेख काढा. फेरीत दोन लाटा दिसल्या, तर दोष फेजिंगचा किंवा असमान कोनांचा. एकच लाट दिसली, तर दांडा वाकलाय का किंवा कोनमापक मध्यावर बसलाय का ते बघा. उजवीकडे आणि डावीकडे फिरवताना वेगळे आकडे आले, तर सांध्यात ढिलाई आहे. 'स्टीअरिंग जड लागतं' ही तक्रार झाली. आलेखाचा आकार कारणाकडे बोट दाखवतो.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. कारखान्यातून आलेला कॉलम फक्त चाक फिरवत नाही. समोरून धडक बसल्यावर तो आत दबतो, म्हणजे चालकाच्या छातीत घुसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १२ नुसार ४८.३ किमी प्रतितास वेगाच्या धडक-चाचणीत कॉलमचं वरचं टोक १२.७ सेंमीपेक्षा जास्त मागे येता कामा नये. दबणाऱ्या भागावरच सरळ सळई वेल्ड केली, तर स्टीअरिंग रोज उत्तम चालेल, पण कॉलम भाल्यासारखा होईल. उलट मधला दांडा कोनात ठेवला, तर धडकेत तो सांध्यांपाशी दुमडू शकतो. म्हणजे ज्या कोनामुळे वेगाची कटकट होते, तोच कोन इथे जीव वाचवायला मदत करतो. म्हणून कोन शून्य करायचा नसतो, सांभाळायचा असतो.

महाराष्ट्रातल्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ बाहा किंवा फॉर्म्युला स्पर्धांसाठी गाडी बांधतात, त्यांनाही हेच गणित लागू आहे. लेथवर दांडा टाकण्याआधी ते करून बघा.

तुमचा विषय यांत्रिकी नसला, तरी ही पद्धत उपयोगी पडेल. कुणाचं मॉडेल मोठ्या प्रदेशावर लावताना, कुणाची प्रश्नावली नव्या गटाला देताना, आधी दोन याद्या करा. मूळ रचना उघडपणे काय करते, ही पहिली. ती गुपचूप काय सांभाळते, ही दुसरी. कॉलमच्या पहिल्या यादीत 'चाक फिरवणं' एवढंच आहे. समान वेग आणि धडकेत दबणं दुसऱ्या यादीत आहेत. प्रबंधाच्या आराखड्यात पहिली यादी सगळेच लिहितात. मार्गदर्शकाला भेटायला जाताना दुसरी घेऊन जा.